थर्मन, पायरी अजून मोडकीच आहे!

विलोडीन पेटीग्रूचा नवरा तोंडानं भांडत नसे. लग्नाआधी कुणी हे सांगितलं असतं, तर आपण नशीब काढलं असं तिला वाटलं असतं. पण लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या लक्षात आलं, की हा माणूस सॅक्सोफोननं भांडतो. तिनं पातेल्यावर झाकण आपटून काही सुनावलं, की थर्मन हातातला घास खाली ठेवायचा, हात पुसायचा, पलंगाखालची पेटी ओढायचा, पट्टा गळ्यात अडकवायचा आणि मागच्या दारात उभा राहून उत्तर द्यायचा. तेही असंतसं नाही. आधी खालच्या सुरात कुरकुर, मग एकेक मुद्दा, मग तिच्या आवाजाची नक्कल, आणि शेवटी असा एक लांब, कळवळणारा सूर, की ऐकणाऱ्याला वाटावं, या बिचाऱ्यावर जगात सगळ्यात मोठा अन्याय झालाय.

विलोडीनचं केशभूषेचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. कॅन्सस सिटीच्या पूर्व भागात, नाचगाण्याच्या वाइन स्ट्रीटपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. शनिवारी तिथं बायकांची अशी गर्दी व्हायची, की खिडकीच्या कट्ट्यावरही कुणीतरी टेकलेलं असे. गॅसवर केस सरळ करायची लोखंडी फणी तापत असायची, जळक्या केसांचा आणि केसांना लावायच्या पोमेडचा वास कोंडलेला असायचा, आणि मागच्या दारातून थर्मनचं भांडण ऐकू येत असायचं.

"आज काय म्हणतोय गं?" खुर्चीतली बाई मान न हलवता विचारायची.

"म्हणतोय, माझ्या आईनं सांगितलं होतं, ही नको करूस."

"आणि आता?"

"आता म्हणतोय, आईचं ऐकलं असतं तर रताळ्याचा इतका गोड केक कुठं मिळाला असता. थांब, संपेलच आता. भूक लागली की तो सुरात यायला लागतो."

सगळ्या जणी हसायच्या आणि फणी पुन्हा केसांतून फिरायला लागायची.

बाहेरच्या जगात मात्र हा माणूस मुका होता. अलॉन्झो ट्रिम्बलच्या बँडमध्ये तो तरुणपणापासून वाजवत होता, पण एकट्यानं उभं राहून वाजवायचा मान कायम सिल्क मॅबरीचा. सिल्क देखणा, केस चापूनचोपून सरळ केलेले, शर्ट रेशमी. नाव त्यावरूनच पडलेलं. तो उभा राहिला की पुढच्या टेबलांवरच्या बायका पंखे हलवायला लागायच्या. थर्मन बसायचा रांगेच्या टोकाला, पियानोच्या आडोशाला. तो जेवणातल्या मिठासारखा होता. असला तर कुणी बोलत नाही, नसला तर सगळे तोंड वाकडं करतात. नाचाला आलेल्या लोकांना त्याचे फक्त बूट दिसायचे. विलोडीन ते बूट बघून समाधान मानायची, कारण पॉलिश तिनंच केलेलं असायचं.

पुढे दिवस फिरले. पोरांना गिटार हवी झाली, नाचाची सभागृहं एकामागून एक बंद पडली, एकाचं तर टायरचं दुकान झालं. ट्रिम्बलच्या बँडमधले अर्धे लोक दिवसा दुसरी कामं करायला लागले. थर्मन नदीपलीकडच्या मांसाच्या कारखान्यात धुरी द्यायच्या खोलीत लागला. तो घरी आला की त्याच्या अंगाला धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा, हॅमचा, वास यायचा, आणि गल्लीतली कुत्री त्याच्या मागून शिस्तीत चालत यायची.

अशात ट्रिम्बलनं कुठून तरी शेवटचा डाव जमवला. न्यूयॉर्कची एक रेकॉर्ड कंपनी यंत्रं घेऊन येणार, शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये रविवारी दुपारी बँडची मैफल होणार, आणि ती जशीच्या तशी रेकॉर्डवर जाणार. स्टुडिओत नाही, लोकांसमोर. मुखपृष्ठ तर आधीच छापून तयार होतं. त्यावर सिल्क मॅबरीचा फोटो, डोळे मिटलेले, कपाळावर प्रकाश.

विलोडीननं त्या मैफलीसाठी नवी टोपी घेतली. शहरातल्या मोठ्या दुकानात तिच्यासारख्या काळ्या बायकांना टोपी डोक्यावर घालून बघू देत नसत. नजरेनं माप घ्यायचं, घ्यायची आणि निघायचं. घरी येऊन घातली तर ती भुवयांवर उतरली. तिनं आत वर्तमानपत्र कोंबलं आणि आरशात बघून म्हणाली, "चला, डोक्यात काहीतरी आहे असं तरी वाटेल."

रविवारी सकाळी नाश्त्याच्या वेळीच दारावर थाप पडली. बाहेर ट्रिम्बल उभा. हा माणूस बोटीतून पडला तरी टाय सरळ करून बुडेल, अशी त्याची ख्याती होती. आज टाय खिशातून लोंबत होता.

"बसा मिस्टर ट्रिम्बल. बिस्किटं गरम आहेत," विलोडीन म्हणाली.

"बिस्किटं राहू देत, मिसेस पेटीग्रू. सिल्कची अक्कलदाढ सुजलीय. गाल असा झालाय," त्यानं दोन्ही हातांनी भोपळ्याएवढा आकार दाखवला. "डॉक्टर म्हणतात, फुंकर मारून मेणबत्तीसुद्धा विझवायची नाही."

"मग मैफल पुढे ढकला," थर्मन म्हणाला.

"न्यूयॉर्कवाले आज परत जाणार. थर्मन, सिल्कचं सगळं तू वाजवायचंस."

थर्मनच्या हातातलं मऊ, पावासारखं बिस्किट तोंडाच्या वाटेवरच थांबलं. त्यावरचा काकवीसारखा पातळ पाक मनगटावरून बाहीत उतरला, तरी त्याला कळलं नाही.

"मी?"

"तुला त्याचे सगळे सूर पाठ आहेत."

"पाठ तर मला बायबलही आहे. म्हणून मी काही प्रवचन देत नाही."

"आज दे," ट्रिम्बल म्हणाला, आणि जाता जाता शेवटी एक बिस्किट उचललंच.

त्यानंतर घरात जे झालं, त्याला कारण मागची पायरी. मागच्या ओट्यावरून अंगणात उतरताना मधली पायरी कधीची सडली होती. थर्मन ती आज दुरुस्त करतो, उद्या दुरुस्त करतो म्हणत होता. फळी आणली तर खिळे नसत, खिळे आणले तर पाऊस असे. त्याला स्वतःला ती ओलांडून जायची सवय झाली होती. त्या दिवशी विलोडीन नव्या टोपीत, नव्या बुटांत, हातात शेजारणीचं भांडं घेऊन मागनं निघाली आणि टाचेसकट पायरीत अडकली. भांडं फुटलं, टाच तुटली, टोपी अंगणात जाऊन पडली आणि त्यातलं वर्तमानपत्र वाऱ्यावर उघडलं.

मग विलोडीन बोलली. पायरीपासून सुरुवात करून ती छतावर गेली, छतावरून थर्मनच्या भावावर, भावावरून त्या मासेमारीच्या सहलीवर, जिथं थर्मन एका दिवसासाठी गेला आणि आठवडा काढून आला. थर्मन उभा राहून ऐकत होता. तिनं श्वास घेतला आणि सवयीप्रमाणे वाट बघितली. आता पेटी उघडेल, आता उत्तर येईल.

उत्तर आलं नाही. थर्मननं पेटीला हातसुद्धा लावला नाही. भिंतीकडे बघत तो पुन्हा पुन्हा ओठ ओले करत होता. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच निरुत्तर झाला होता. विलोडीन जुने बूट घालून त्याच्याबरोबर निघाली.

हॉल भरला होता. वरच्या सज्जात पुढच्याच रांगेत विलोडीन बसली आणि तिच्या शेजारी चर्चच्या म्हाताऱ्या सिस्टर युलाली. सिस्टर युलाली नाच आणि सैतान यांना सख्खे भाऊ मानायच्या. पण तिकीट फुकट मिळालं होतं आणि 'मैफल' या शब्दात नाच कुठं येत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कंपनीचा माणूस माइकसमोर आला. मिस्टर व्हिटकम त्याचं नाव. सडपातळ, चष्मेवाला, बोलणं अगदी मऊ.

"मंडळी, आपली मोठी कृपा होईल. यंत्र फार नाजूक आहे. वादन चालू असताना टाळ्या नकोत, ठेका नको, बोलणं नको. गाणं संपलं की मग हव्या तेवढ्या टाळ्या द्या."

सज्जातून कुणीतरी पुटपुटलं, "श्वास घेतला तर चालेल का, विचारा."

याच बँडच्या तालावर ज्यांची लग्नं जमली, ज्यांच्या टाचा झिजल्या, ते लोक आता हात मांडीवर ठेवून बसले. बँड वाजवत होता, यंत्राची चाकं फिरत होती, आणि सगळं असं चाललं होतं, जसं एखाद्या श्रीमंत काकाच्या अंत्यविधीला लोक वारसाहक्काची वाट बघत बसलेत. चूक कुठंच नव्हती. जीवही कुठंच नव्हता. पियानोमागे ट्रिम्बलचा चेहरा हळूहळू उतरत चालला. स्टेजच्या कडेला सिल्क मॅबरी खुर्चीवर बसला होता; गालाभोवती मफलर, डोक्यावर गाठ, ससा बसावा तसा.

शेवटी बँडची हुकमाची चीज आली. जलद, धावती, मध्ये सगळा बँड बाजूला होतो आणि सिल्क एकटा पुढे येतो ती. थर्मन उठला. पियानोच्या आडोशातून बाहेर आलेला थर्मन हॉलमधल्या बऱ्याच लोकांनी पहिल्यांदाच पूर्ण पाहिला.

तो वाजवायला लागला. एकेक सूर बरोबर. शाळेत हुशार मुलगा कविता म्हणतो तसं. त्याचे खांदे कानांपर्यंत चढले होते, आणि डोळे सज्जात कुणाला तरी शोधत होते. पहिलं आवर्तन संपलं. दुसरंही तसंच, स्वच्छ, इस्त्री केलेलं. व्हिटकमनं घड्याळाकडे बघितलं. थर्मन तोंडातून वाद्य काढून खाली बसायच्या बेतात आला.

विलोडीनला ते बघवेना. तिला वाटलं, हा आता बसला तर कायमचा बसला. तिला माइक आठवला नाही, यंत्र आठवलं नाही, न्यूयॉर्क आठवलं नाही. ती उठून सज्जाच्या कठड्यावर वाकली आणि शनिवारच्या गर्दीत रस्त्यापलीकडे हाक पोचवायच्या आवाजात ओरडली,

"थर्मन! पायरी अजून मोडकीच आहे!"

सगळा हॉल वळून सज्जाकडे बघायला लागला. फक्त ड्रमवाला तालात होता, आणि तोही हसू आवरेना म्हणून काठी ड्रमच्या कडेवर आपटत राहिला. थर्मननं वर बघितलं. सकाळी न दिलेलं सगळं उत्तर त्याला एकदम आठवलं असावं. त्याचे खांदे खाली आले. त्यानं पाय फाकवले, जसे तो मागच्या दारात फाकवतो. आणि त्यानं उत्तर दिलं.

आधी खालच्या सुरात कुरकुर. मग फळी, मग खिळे, मग पाऊस. मग तिचा आवाज, हुबेहूब, ठसक्यासकट! विलोडीन कठड्यावर हात आपटून ओरडली, "खोटं! साफ खोटं!" थर्मननं तोही आरोप उचलला, उलटा केला आणि तिच्याकडे परत फेकला. ट्रिम्बलनं बँडला बोट फिरवून खूण केली: अजून एक आवर्तन. पुन्हा बोट फिरवलं: अजून एक. पितळी वाद्यांचा सगळा ताफा उठून उभा राहिला आणि प्रत्येक मुद्द्यावर साक्षीदारासारखा 'हो! हो!' म्हणायला लागला.

मग कोण थांबतंय. आधी सज्जा उठला, मग खालचा हॉल. खुर्च्यांच्या मधल्या वाटा नाचणाऱ्यांनी भरल्या. दारावरचा स्वयंसेवक लोकांना बसवायला धावला, तर सिस्टर युलालींनी त्याला कोपरात पकडलं आणि त्याच्याबरोबर अशा गिरक्या घेतल्या, की त्या वयात त्या कुठं शिकल्या हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. व्हिटकम दोन्ही हात हलवत होता, पण थोड्या वेळानं ते हात तालात हलायला लागले. आणि सिल्क मॅबरी मफलर सोडून, सुजलेल्या गालासकट खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. काय ते कुणाला कळलं नाही, कारण त्याचं तोंड उघडत नव्हतं.

शेवटी थर्मन त्या लांब, कळवळणाऱ्या सुरावर आला. तो सूर त्यानं इतका वेळ धरला, की लोकांनी त्याच्यासाठी श्वास घेतला. मग सोडला, आणि छप्पर कोसळावं तशा टाळ्या पडल्या.

घरी परतताना विलोडीन म्हणाली, "मासेमारीच्या सहलीबद्दल तू काहीच बोलला नाहीस."

"बोललो की. शेवटाकडे. तू नाचत होतीस."

रेकॉर्ड निघाली ती वसंतात. न्यूयॉर्कच्या लोकांनी म्हणे तो ओरडा कापायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण त्याखाली ताल वाजत होता, ओरडा काढला की ताल लंगडायचा. म्हणून तो राहिला. आणि बघता बघता रेकॉर्डचं नाव झालं. मोठे बँड मेले असं लिहिणाऱ्यांनीच लिहिलं, की छे, कॅन्सस सिटीला जाऊन बघा, मेलेला उठून नाचतोय. ट्रिम्बलला शिकागोहून बोलावणी आली, बाहेरच्या देशांतून तारा आल्या. एका विद्वान टीकाकारानं तर त्या ओरड्यावरच रकाना खर्ची घातला: 'प्रगतीची पायरी अजून मोडकीच आहे, हा एका अनाम स्त्रीनं समाजाला विचारलेला प्रश्न आहे.' दुकानात कुणीतरी तो मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा विलोडीनच्या हातातली फणी गिऱ्हाइकाच्या कानाला लागता लागता राहिली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रवचनाचा विषयही तोच निघाला. सिस्टर युलाली पहिल्या बाकावर मान डोलवत होत्या. स्वयंसेवकाचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट कुसळासारखी खुपत होती. मुखपृष्ठ आधीच छापलेलं. वर फोटो सिल्क मॅबरीचा, खाली नाव सिल्क मॅबरीचं. जगाच्या दृष्टीनं ते वादन सिल्कचं होतं. ट्रिम्बलनं कंपनीला कळवलं. कंपनी म्हणाली, पुढच्या छपाईत बघू. पुढची छपाई झाली, तीही तशीच. लोक नावावर घेतात, असं उत्तर आलं. सिल्क दाढ काढून कॅलिफोर्नियाला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता.

"जाऊ दे गं विली. आपल्याला माहीत आहे ना?" थर्मन म्हणायचा.

"मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि त्या गल्लीतल्या कुत्र्यांना माहीत आहे. बाकीच्या जगाचं काय?"

"जगाला हॅम लागतं. ते मी देतोच."

यावर तिनं झाकण आपटलं. थर्मननं पेटी काढली, पण त्या दिवशीचं उत्तर जरा पडेलच होतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका मंगळवारी, मागच्या अंगणातून कडाड असा आवाज आला आणि पाठोपाठ एक सभ्य शिवी. विलोडीन धावत गेली. पायरीत गुडघ्यापर्यंत रुतलेला, रेशमी शर्टातला सिल्क मॅबरी तिच्याकडे बघून टोपी काढत होता.

"नमस्कार, मिसेस पेटीग्रू. ही पायरी खरंच मोडकी आहे."

"पुढचं दार पुढे असतं, मिस्टर मॅबरी."

"पुढच्या खोलीत बायका बसल्यात. त्यांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

तिनं त्याला ओढून बाहेर काढलं. प्रवासानं त्याचे केस मुळाशी कुरळे व्हायला लागले होते. तिच्या नजरेला ते दिसलं, आणि तिच्या मनात एक विचार आला. त्या विचारात ख्रिस्ती दयाभाव फारसा नव्हता.

"थर्मन कामावरून यायला वेळ आहे. तोवर बसा खुर्चीत. या अवतारात तुम्हाला पाठवलं तर माझं नाव खराब होईल."

सिल्क बसला. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. विलोडीननं त्याच्या गळ्याभोवती फडकं बांधलं आणि केस सरळ करायचा लेप चांगला जाडसर थापला. तो लेप कसा असतो, हे ज्याच्या डोक्यावर बसलाय त्यालाच माहीत. आधी गार लागतो, मग कोमट, आणि वेळेवर धुतला नाही तर डोक्यावर विस्तव ठेवल्यासारखं होतं. लेप लावून झाल्यावर तिनं हात धुतले, एक खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"बाहेर तुमचं नाव फार झालंय म्हणे."

"हो. म्हणजे... जरा कोमट लागतंय, मिसेस पेटीग्रू."

"लागणारच. तर ते वादन लोकांना फार आवडलं, नाही का? कुणी वाजवलं होतं हो ते?"

"आता गरम लागतंय."

"मी एक साधा प्रश्न विचारला."

"थर्मननं!" सिल्क ओरडला. "थर्मननं वाजवलं! बाई, मी तेच सांगायला कॅलिफोर्नियाहून आलोय! जिथं जातो तिथं लोक म्हणतात, ते वाजव. मला ते येत नाही! माझ्या तोंडात ते बसत नाही! मी रेडिओवर सांगेन, पेपरात सांगेन, पण आधी धुवा!"

विलोडीन चमकली. "आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंच नाही! धुवा!"

दोन बायकांनी त्याला धरून नळाखाली नेलं. दुकानभर हसणं असं उसळलं, की रस्त्यावरचा पोस्टमन आत डोकावला. विलोडीनला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिनं त्याला शिजवलेली पालेभाजी, मक्याचा पाव आणि बरगड्यांचं भाजलेलं मटण असं सगळं आग्रहानं वाढलं. केस मात्र झक्क सरळ झाले होते.

थर्मन आला तेव्हा सिल्क जेवून ढेकर देत होता.

"थर्मन, मला शिकव."

"काय?"

"ते. सगळं."

थर्मननं डोकं खाजवलं. "मला आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"भांडणात काय बोललो, ते कुणाला आठवतं?"

शेवटी शेजाऱ्यांकडून रेकॉर्डचं यंत्र आणलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर ते ठेवून तिघं भोवती बसले. सुई ठेवली. विलोडीनचा ओरडा आला. तिनं तोंडावर ॲप्रन घेतला. मग थर्मन स्वतःचंच वादन कान देऊन ऐकायला लागला, आणि बोटानं टेबलावर दाखवत सिल्कला समजावत गेला.

"हे बघ, इथं मी म्हणतोय, फळी तर आणली होती."

"आणली होती, पण ती आखूड होती," विलोडीन म्हणाली.

"तेच पुढे येतंय, ऐक. आखूड होती, कारण माप तू दिलं होतंस."

"मी? मी माप दिलं?"

"आणि इथं, हे तीन सूर चढतात ना, सिल्क, ही ती. कंबरेवर हात ठेवून. हे चेहऱ्यानं वाजवायचं, बोटांनी नाही."

सिल्कनं वाद्य तोंडाला लावून ते तीन सूर काढले. गुळगुळीत निघाले.

"छे. तुझं लग्न झालंय का?" थर्मननं विचारलं.

"नाही."

"मग अवघड आहे."

पुढे रेकॉर्डवर सुरांचा एक गुंता आला, आणि थर्मन थांबला. "हे मात्र मला कळत नाही. इथं मी काय म्हणत होतो?"

विलोडीननं सुई उचलून पुन्हा ठेवायला लावली. डोळे मिटून ऐकलं. मग हळूच म्हणाली, "इथं तू म्हणतोयस, मला भीती वाटत होती आणि तू ओरडलीस ते बरं केलंस."

"असेल," थर्मन म्हणाला, आणि बाहेर जाऊन सिल्कच्या पायानं झालेला पायरीचा चुरा गोळा करायला लागला. त्याच आठवड्यात सिल्कनं आणि त्यानं मिळून नवी पायरी ठोकली. सिल्कला खिळा सरळ मारता येत नाही, हे गल्लीला कळलं. पण त्यानं शब्द पाळला. शहराच्या रेडिओवर बसून त्यानं साफ सांगितलं, की मुखपृष्ठावर मी आहे, आत पेटीग्रू आहे. आणि बाई त्याचं नाव घेऊन ओरडतेय, तेवढं तरी न्यूयॉर्कच्या लोकांना ऐकू यायला हरकत नव्हती. आठवडाभर पेपरांत त्याचीच चर्चा होती. कंपनीनं नवं मुखपृष्ठ काढलं. त्यावर थर्मनचा फोटो आला, चौकातल्या फोटोवाल्यानं काढलेला. त्यात तो असा दचकलेला दिसतो, की जणू मागून कुणीतरी हाक मारलीय.

थर्मननं कारखाना सोडला. कुत्र्यांचे थोडे दिवस वाईट गेले. ट्रिम्बलनं बँडची मांडणीच बदलली. सिल्क आणि थर्मन समोरासमोर उभे राहायचे, आणि लोक पैजा लावून यायचे, की आज कोण कोणाला गप्प करतो. सिल्क बोलायचा गोड, थर्मन बोलायचा खरं. विलोडीननं दुकान काही सोडलं नाही. लोकांची डोकी कुणीतरी सांभाळायला हवीत, असं ती म्हणायची. पण बँड समुद्रापार निघाला, तेव्हा ट्रिम्बलच म्हणाला, "मिसेस पेटीग्रू, तुम्हीही चला. सज्जात कुणीतरी लागतं."

असे ते सगळे एका उन्हाळ्यात डेन्मार्कला पोचले. कोपनहेगनला सूर्य मावळायचं नाव घेईना, संध्याकाळ संपतच नव्हती. आणि सगळं शहर सायकलवर. पाद्री सायकलवर, नवरी सायकलवर, पाठीला चेलो बांधलेला म्हातारा सायकलवर. विलोडीन पहिले दोन दिवस खिडकीतून बघत राहिली. तिच्या लहानपणी घरात एक सायकल होती, ती भावांची. मुलीच्या जातीला ती मिळायची नाही, आणि पुढे जन्मभर तिला वेळ झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं, ते उतरले होते त्या घराच्या मालकिणीचे केस धुऊन असे बसवून दिले, की ती आरशासमोरून हलेना, आणि बदल्यात तिची सायकल मागितली.

"विली, तू पन्नाशीला टेकलीयेस," थर्मन म्हणाला.

"म्हणूनच बसायची घाई आहे. धर मागून."

तळ्याकाठच्या रस्त्यावर थर्मन सीट धरून धावायला लागला. सिल्क पुढे हात पसरून उलटा पळत होता, आणि ट्रिम्बल टाय सरळ करत गवतावरून सूचना देत होता. ती एकदा झुडपात गेली, एकदा बाकावर, एकदा थेट सिल्कवर. प्रत्येक वेळी उठली, झगा झटकला आणि पुन्हा बसली. डॅनिश लोक थांबून टाळ्या वाजवायला लागले.

"सोडू नकोस हं थर्मन!"

"नाही सोडत!"

"धरलंयस ना?"

थर्मनचा आवाज जरा लांबून आला. "धरलंय गं!"

तिनं मागं वळून बघितलं नाही. रस्ता सपाट होता, पाण्यावर ऊन होतं, आणि समोरच्या वळणावर बदकं वाट सोडून बाजूला होत होती. विलोडीननं घंटी शोधली, ती सापडली, आणि मग वळणापर्यंत ती वाजवतच गेली.